गॅस गीझर : बंद पडण्याचा अर्थ व न दिसणारा दोष

थंडीचे दिवस आले, की गॅस गीझरविषयीच्या तक्रारी सुरू होतात. तोटी उघडली तरी ज्योत लागत नाही, लागली तर चार-पाच सेकंदांत विझते, किंवा आंघोळ निम्मी झालेली असताना एकाएकी गार पाणी येऊ लागते. घरातील माणसे त्रासून कारागिरास निरोप धाडतात. तो येतो, झाकण काढतो, एखादी तार सोडवून दुसरीस जोडतो आणि "आता डायरेक्ट केला आहे, पुन्हा बंद पडायचा नाही" असे सांगून जातो. गीझर खरोखरच बंद पडत नाही व सर्वांचे समाधान होते. वस्तुतः ते घर त्या दिवसापासून पूर्वीपेक्षा अधिक धोक्यात आलेले असते. कारण ज्योत नसताना किंवा यंत्र अतिशय तापले असताना गॅस रोखून धरणारा भागच निकामी करण्यात आलेला असतो.

गीझर आपण होऊन बंद पडतो तेव्हा तो बहुधा काही सांगत असतो. ते काय, हे ओळखण्यास मोठ्या तांत्रिक ज्ञानाची आवश्यकता नाही. मात्र त्याचबरोबर हेही जाणून घेतले पाहिजे, की सर्वांत घातक असा एक दोष या यंत्रास सांगताच येत नाही. या लेखात दोहोंचा विचार केला आहे.

"गीझर" हा शब्द आइसलंडमधील एका उष्णोदकाच्या कारंज्याच्या नावावरून आला आहे. लंडन येथील बेंजामिन वॉडी मॉन या चित्रकाराने १८६८ साली वाहते पाणी गॅसच्या ज्योतीने तापविणारे यंत्र तयार केले व त्यास हे नाव दिले. त्या यंत्रास जळलेला वायू बाहेर नेणारी नळी नव्हती. ती उणीव पुढील यंत्रांत भरून निघाली खरी, पण आपल्याकडील असंख्य न्हाणीघरांत आजही मॉनच्याच काळातील व्यवस्था आढळते : यंत्र आत, ज्योत आत आणि जळलेला वायूही आत. आपल्याकडे पूर्वी पाणी तापत असे ते बंबात किंवा चुलीवरील हंड्यात. बंब बहुधा परसात, पडवीत किंवा न्हाणीघराच्या दाराबाहेर धगधगत असे आणि तापलेले पाणी बादलीने आत नेले जाई. ही रीत धुराच्या त्रासामुळे पडली असेल, पण परिणामी आगीची जागा बाहेर राहिली. गीझरच्या सोयीने ती आत आणली.

गीझर कसा चालतो

घरगुती वापराच्या साध्या गीझरमध्ये दीड व्होल्टचे दोन मोठे सेल असतात. तोटी उघडताच पाण्याचा प्रवाह सुरू होतो व त्याच्या दाबाने आतील रबरी पडदा, ज्यास कारागीर डायाफ्राम म्हणतात, पुढे सरकतो. पडद्यास जोडलेला दांडा एक बारीक कळ दाबतो. कळ दाबली गेली की सेलचा प्रवाह नियंत्रक पेटीत जातो, "टिक् टिक्" असा आवाज करीत ठिणग्या पडू लागतात आणि विद्युत्‌-चुंबकीय झडप उघडून बर्नरमध्ये गॅस येतो. बर्नरच्या वर तांब्याच्या नळीचे वेटोळे व त्यास जडविलेले पातळ पत्रे असतात. त्यांतून जाताना पाणी तापते.

येथपर्यंतचा भाग कोणासही सहज समजतो. यापुढील भाग अधिक महत्त्वाचा आहे. ज्योतीच्या मार्गात धातूची एक बारीक काडी बसविलेली असते. ज्योतीतील उष्ण वायूंमध्ये विद्युत्‌भारित कण असल्यामुळे ज्योतीतून अत्यल्प वीजप्रवाह वाहू शकतो. काडीतून असा प्रवाह मिळाला तर "ज्योत लागली आहे" हे नियंत्रक पेटीस कळते. काही सेकंदांत प्रवाह मिळाला नाही, तर पेटी गॅसची झडप मिटवून टाकते. ही काडी म्हणजे यंत्राचा डोळा होय. याशिवाय पाणी प्रमाणाबाहेर तापल्यास गॅस बंद करणारी एक कळ असते, आणि बहुतेक गीझरमध्ये सलग वीस मिनिटे चालल्यावर ज्योत विझविणारी घड्याळी व्यवस्थाही असते. बरोबर वीस मिनिटांनी गीझर विझतो ही तक्रार म्हणूनच तक्रार नव्हे. तोटी बंद करून पुन्हा उघडली की तो पेटतो. पण त्याला तसे लागोपाठ पेटवीत राहणे म्हणजे ज्या हेतूने ती व्यवस्था केली, तो हेतूच मोडीत काढणे होय.

बिघाडाची लक्षणे

हा क्रम ध्यानात ठेवला तर बिघाडाचा शोध सोपा होतो. यंत्र कोणत्या पायरीवर थांबते एवढेच पाहावयाचे असते.

तोटी पूर्ण उघडूनही "टिक् टिक्" ऐकू येत नसेल तर गॅसचा संबंध नाही. सेल संपले असतील, किंवा सेलच्या घरातील पट्ट्यांवर हिरवट गंज चढला असेल. गोवा व कोकणपट्टीत पावसाळ्याच्या दमट हवेमुळे हा दोष नित्याचाच आहे. सेल नवे असतील तर पाण्याकडे पाहावे. पडदा सरकण्याइतका दाब मिळण्यासाठी छपरावरील टाकी गीझरच्या पातळीपासून साधारणतः दोन ते तीन मीटर उंच असावी लागते. पाणी ज्या तोंडातून गीझरमध्ये शिरते तेथे एक बारीक जाळी असते. टाकीतील गाळ व शेवाळ तिच्यात अडकते आणि प्रवाह क्षीण होतो. पाण्याचा नळ बंद करून ही जाळी काढून धुणे हे काम घरच्या माणसाने करण्याजोगे आहे. एवढे करूनही कळ दबत नसेल तर पडदा कडक झालेला किंवा फाटलेला असण्याचा संभव असतो आणि तो बदलण्यासाठी कारागीर हवा.

ठिणग्या पडतात पण ज्योत लागत नाही, असे असेल तर दोष गॅसच्या बाजूस आहे. सिलिंडर नुकताच बदलला असल्यास नळीत राहिलेली हवा निघून जाईपर्यंत दोन-तीन वेळा प्रयत्न करावा लागतो. सिलिंडर संपत आला असेल तर थंडीत ही अडचण अधिक जाणवते. द्रवरूप गॅसची वाफ होताना तो भोवतालची उष्णता ओढून घेतो. गीझरला शेगडीपेक्षा कितीतरी अधिक गॅस लागत असल्यामुळे सिलिंडर लवकर थंड पडतो व त्यातील ब्यूटेनची पुरेशी वाफ होईनाशी होते. ग्वाल्हेर, इंदूरकडील कडक थंडीत हा अनुभव येतो. अशा वेळी सिलिंडर गरम पाण्यात ठेवणे किंवा त्याच्याखाली निखारे ठेवणे हा जिवाशी खेळ आहे. सिलिंडर आडवा किंवा उलटाही करू नये. तसे केल्यास वाफेऐवजी द्रव गॅसच नळीत शिरतो.

ज्योत लागून चार-पाच सेकंदांत विझत असेल तर यंत्राच्या डोळ्यावर, म्हणजे त्या काडीवर, काजळी किंवा पुट चढलेले असते, ती वाकून ज्योतीबाहेर गेलेली असते, अथवा तिची तार ढिली झालेली असते. काडी बारीक पॉलिश कागदाने हलकेच घासून जागेवर बसविली की बहुधा काम भागते. नेमक्या याच ठिकाणी "डायरेक्ट" करण्याचा मोह होतो. तसे केल्यास पेटीस ज्योत नेहमीच लागलेली आहे असे वाटत राहते. वाऱ्याने ज्योत विझली तरी गॅस मात्र येतच राहतो.

पुढील दोन लक्षणे आढळल्यास गीझर पुन्हा लावूनच पाहू नये. एक, पेटताना "भप्प" असा मोठा आवाज होऊन ज्वाळा बाहेर येणे. ठिणगी उशिरा पडल्यामुळे मध्यंतरी गॅस साचतो व एकदम पेट घेतो. दुसरे, तोटी बंद केली तरी ज्योत चालूच राहणे. झडप अडकलेली आहे असा याचा अर्थ. नळीत थांबलेले पाणी काही क्षणांत उकळते. तत्काळ सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा.

पाणी पुरेसे तापत नाही ही तक्रार विहिरीचे किंवा कूपनलिकेचे जड पाणी वापरणाऱ्यांकडून येते. किटलीत जसे क्षार जमतात, तसेच ते तांब्याच्या नळीत जमतात. मार्ग अरुंद झाल्यामुळे पाणी कमी वाहते, क्षारांच्या थरामुळे उष्णता नीट पोहोचत नाही आणि मधूनच अतितापाची कळ यंत्र बंद करते. ही कळ खराब आहे असे समजून ती काढून टाकणाऱ्यांची संख्या कमी नाही!

अंकांनी बोलणारी यंत्रे

नव्या गीझरवर अंकांची छोटी पाटी असते. बिघाड झाला की तिच्यावर एखादे अक्षर व अंक उमटतो. या चिन्हांचे अर्थ सर्व कंपन्यांचे सारखे नसतात, म्हणून यंत्राबरोबर आलेली पुस्तिका जपून ठेवावी. शेजारच्या गीझरचा अर्थ आपल्या गीझरला लावू नये. चिन्ह दिसताच सेल काढून पुन्हा घातले, की ते पुसले जाते. तथापि, चिन्ह पुसल्याने कारण पुसले जात नाही.

चिन्हांनी बोलणाऱ्या यंत्रांचे सर्वांत प्रगत रूप पाहावयाचे तर अमेरिका व कॅनडा येथील घरांत हवा तापविणाऱ्या गॅसच्या भट्टीकडे पाहावे लागेल. तेथील हिवाळा गोठविणारा असतो व संपूर्ण घर उबदार ठेवावे लागते. या भट्टीस तेथे फर्नेस म्हणतात. तिच्या उच्च कार्यक्षमतेच्या प्रकारात जळलेल्या वायूतील पाण्याची वाफसुद्धा थंड करून तिची उष्णता घेतली जाते. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो तिचा पेटण्याचा क्रम. उष्णतेची मागणी होताच गॅस येत नाही. प्रथम एक छोटा पंखा फिरू लागतो व जळलेला वायू बाहेर नेणाऱ्या नळीत ओढ निर्माण करतो. ती ओढ खरोखर निर्माण झाली आहे, हे एक दाबाची कळ तपासते. बाहेरच्या नळीच्या तोंडाशी बर्फ साचले असेल, किंवा वाफेचे पाणी वाहून नेणारी नळी तुंबली असेल, तर ही कळ मिटत नाही आणि भट्टी पेटतच नाही. नियंत्रक पेटीवरील बारीक दिवा ठराविक वेळा लुकलुकतो आणि त्या लुकलुकण्याचा अर्थ सांगणारा तक्ता बहुधा दाराच्या आतील बाजूस चिकटविलेला असतो. कळ मिटली तरच पेटविणारा भाग तापतो, गॅस येतो, ज्योतीतील काडी ज्योतीची साक्ष देते. हा क्रम अनेकदा फसला तर भट्टी स्वतःस कुलूप लावून घेते.

म्हणजेच "वायू बाहेर जाण्यास वाट आहे काय?" हा प्रश्न ती भट्टी पेटण्यापूर्वी विचारते. न्हाणीघरातील साधा गीझर हा प्रश्न कधीच विचारीत नाही. पाणी आहे, गॅस आहे, ज्योत आहे, एवढे पाहून तो चालू राहतो. आणि एवढी सावध भट्टीसुद्धा घरात विषारी वायू पसरला हे ओळखू शकत नाही. आतील पत्र्यास तडा गेल्यास तो पसरू शकतो. म्हणून अमेरिकेतील बहुसंख्य राज्यांत घरामध्ये कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे स्वतंत्र यंत्र लावण्याविषयी कायदे आहेत.

ज्या दोषास चिन्ह नाही

शाळेतील वरच्या वर्गांना करून दाखविता येईल असे एक गणित येथे देत आहोत. गीझर दर मिनिटास सहा लिटर पाणी देतो व ते २५ अंश सेल्सिअसने तापवितो असे धरू. त्यास मिनिटाला १५० किलोकॅलरी उष्णता लागते. शेकडा १५ ते २० उष्णता वाया जाते असे धरले, तर प्रत्यक्षात सुमारे १८० किलोकॅलरी लागतील. एक किलो गॅसपासून सुमारे ११,००० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे मिनिटाला सुमारे १६ ग्रॅम व दहा मिनिटांत १६० ग्रॅम गॅस जळतो. एक किलो गॅस पूर्ण जळण्यास सुमारे १३ घनमीटर हवा लागते. १६० ग्रॅमला दोन घनमीटरहून थोडी अधिक. आता न्हाणीघर मोजू. लांबी दीड मीटर, रुंदी सव्वा मीटर व उंची २.४ मीटर असेल, तर त्यात साडेचार घनमीटर हवा मावते. दार-खिडकी बंद असताना दहा मिनिटांच्या आंघोळीत त्यातील जवळजवळ निम्मी हवा ज्योत खाऊन टाकते. फटींतून थोडी हवा येते हे खरे. पण थंडीत त्या फटींनाही कापड कोंबलेले असते.

प्राणवायू संपूर्ण संपण्याची वाट ज्योत पाहत नाही. त्याचे प्रमाण थोडे उतरताच ज्वलन अपुरे होऊ लागते आणि कार्बन डायऑक्साइडऐवजी काही प्रमाणात कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूस रंग नाही, वास नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत. गॅस गळतीचा जो वास येतो तो सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा असतो. जळल्यावर तो उरत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी कार्बन मोनॉक्साइडची जवळीक प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक आहे. त्यामुळे माणूस श्वास घेत असतो, पण त्याच्या मेंदूस प्राणवायू मिळत नाही. प्रथम डोके जड होते, गरगरते, मळमळते, पायांतील शक्ती जाते. हे सारे गरम पाण्याने आलेली भोवळ म्हणून सोडून दिले जाते. दार उघडावे असे सुचेपर्यंत कडीपर्यंत हात पोहोचविण्याचे त्राण उरत नाही. न्हाणीघरात बेशुद्ध पडलेल्या व झटके आलेल्या कित्येक रुग्णांस प्रथम अपस्मार असल्याचा समज होतो. भारतातील मज्जासंस्थेच्या तज्ज्ञांनी या प्रकारास "गॅस गीझर सिंड्रोम" असे नाव दिले आहे.

या दोषाचे एक अंधुक लक्षण मात्र पाहता येते. निळी, स्थिर ज्योत पिवळी होऊन लांबट हलू लागली, वरील पत्र्यांवर काजळी धरली, किंवा भिंतीवर गीझरच्या वर काळा डाग पडला, तर ज्वलन बिघडलेले आहे. वर्षातून एकदा, थंडीपूर्वी, बर्नर व पत्रे साफ करवून घ्यावेत. परंतु निळी ज्योत ही सुरक्षिततेची हमी नव्हे.

यंत्र कोठे असावे

गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या सज्ज्यात, पडवीत किंवा बाहेरच्या भिंतीवर छपराखाली असावा व तापलेले पाणी नळाने आत आणावे. नळाचे काही मीटर वाढतात, पहिले लिटरभर पाणी गार येते, खर्च थोडा होतो. एवढीच त्याची किंमत आहे. भाड्याच्या घरात हे घरमालकास सांगावे लागते, आणि सांगणे अवघड जाते, हेही खरे. सिलिंडर उभा, मोकळ्या जागी ठेवावा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे खोलगट जागेत साचतो. जोडणीस तारेचे अस्तर असलेली सुरक्षा नळी वापरावी, पाच वर्षांनी ती बदलावी, आणि गळतीची परीक्षा साबणाच्या पाण्याने करावी, काडी पेटवून नव्हे. बडोद्यासारख्या शहरांत नळाने येणारा गॅस वेगळा असतो. सिलिंडरवरचा गीझर त्यास जोडण्यापूर्वी त्याची जेट बदलून घ्यावी लागते. नवा गीझर घेताना आय.एस. १५५५८ या भारतीय मानकाचे चिन्ह पाहून घ्यावे.

पंखा लावला की भागते, हा समज चुकीचा आहे. हवा आत येण्यास खाली जाळी नसेल तर बाहेर फेकणारा पंखा जळलेला वायूच उलट खाली ओढू शकतो. कार्बन मोनॉक्साइड ओळखणारे सूचक यंत्र बाजारात मिळते. शयनगृहाजवळ ते उपयोगी आहे, पण न्हाणीघरातील वाफेत त्याचा भरवसा धरता येत नाही. ज्या घरी गीझर तूर्त आतच आहे, तेथे तो हलविला जाईपर्यंत दार-खिडकी उघडी ठेवून बादल्या भरून घ्याव्यात, गॅस बंद करावा, थोडा वेळ जाऊ द्यावा आणि मगच आंघोळीस जावे. वसतिगृहे व आश्रमशाळा यांत मुले एकामागून एक आंघोळीस जातात. तेथील अधीक्षकांनी ही व्यवस्था स्वतः पाहावी. दुसऱ्या व तिसऱ्या मुलाच्या वाट्यास पहिल्याने वापरलेली हवा येते. न्हाणीघराची कडी बाहेरूनही उघडता येईल अशी असावी.

माणूस बेशुद्ध आढळल्यास

दार उघडताच गॅस बंद करावा, खिडकी उघडावी किंवा फोडावी व त्या माणसास ताबडतोब मोकळ्या हवेत आणावे. मदतीस गेलेल्याने आत रेंगाळू नये. श्वास बंद असेल आणि जवळ कोणी शिकलेला असेल तर त्याने छाती दाबण्याची क्रिया सुरू करावी. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. केवळ गॅस गळतीचा वास येत असेल तर १९०६ या क्रमांकावर कळवावे. त्या वेळी विजेचे बटण लावू किंवा बंद करू नये.

रुग्णालयात पोहोचताच "न्हाणीघरात गॅस गीझर चालू होता" हे वाक्य प्रथम सांगावे. बोटाला लावून प्राणवायू मोजणारे नेहमीचे यंत्र अशा रुग्णातही जवळजवळ योग्य आकडा दाखविते, कारण कार्बन मोनॉक्साइडने भरलेले रक्त त्यास प्राणवायूने भरलेल्या रक्तासारखेच दिसते. खरे प्रमाण रक्ताच्या वेगळ्या तपासणीत कळते, आणि ती तपासणी विचारल्याखेरीज होईलच असे नाही. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा उतरण्यास चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिल्यास तो वेळ तास-दीड तासावर येतो. गरोदर स्त्री असल्यास पोटातील बाळास अधिक धोका असतो, तेव्हा तिला बरे वाटू लागले तरी डॉक्टरांस दाखवावेच. त्याच सकाळी त्याच न्हाणीघरात आधी आंघोळ केलेल्या व डोके दुखत असल्याचे सांगणाऱ्या घरातील इतर माणसांचीही तपासणी करवून घ्यावी.